यिन-यांगवरून सिनेमातली जोडी कशी घडवायची: आधी ठिपका शोधा

यिन-यांग म्हटलं की डोळ्यासमोर तो काळा-पांढरा गोल येतो आणि स्क्रिप्ट लिहिणाऱ्याच्या डोक्यात लगेच सोपं गणित तयार होतं, हिरो पांढरा, व्हिलन काळा, दोघं भिडतात, पांढरा जिंकतो, झालं. मीपण बरीच वर्षं असंच लिहायचे. मग एकदा दोन भावांची शॉर्ट फिल्म लिहिली, थोरला शांत, धाकटा तापट, वडील गेल्यावर दोघं घर रिकामं करायला एकत्र येतात आणि भांडतात, आणि ते चार पानांचं भांडण मला फार भारी जमलंय असं वाटत होतं. एका एडिटर मैत्रिणीला वाचायला दिलं. तिने सगळं वाचलं आणि एकच विचारलं, हा थोरला कधीच तापत नाही का गं? मला उत्तर देता येईना. तो शांत आहे एवढंच मला माहीत होतं, त्यापलीकडे तो माणूस म्हणून कोण आहे हे मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

त्यानंतर मी ते चिन्ह नीट बघायला बसले, त्यामागचं वाचलं, आवडलेले सिनेमे परत परत पाहिले, आणि त्यातून जोडी घडवायची जी पद्धत हाताला लागली ती इथे सांगते. फीचर, शॉर्ट, सिरीज, कशालाही चालते. स्क्रिप्ट लिहीत नसाल आणि नुसते सिनेमे बारकाईने बघायला आवडत असतील तरी उपयोग होईल.

आधी ते चिन्ह नीट बघा

यिन आणि यांग हे शब्द मुळात डोंगराचे आहेत. यिन म्हणजे डोंगराची सावलीतली बाजू, यांग म्हणजे उन्हातली. डोंगर एकच, एका अंगाला ऊन पडलंय, दुसऱ्या अंगाला नाही, एवढंच. चीनमधल्या गावांच्या नावात हे अजून दिसतं, लुओयांग शहराचं नाव लुओ नदीच्या यांग बाजूवरून म्हणजे उत्तर काठावरून आलंय, कारण त्या काठाला ऊन जास्त. यात चांगलं-वाईट कुठेच नाहीये बघा. आणि दिवस सरकतो तशी सावलीही सरकते, सकाळी काळोखात असलेली जागा दुपारनंतर उजळते. कोणी कायमचा यिन नसतो, कायमचा यांग नसतो, कोणाच्या शेजारी उभं केलंय आणि कधी, त्यावर ठरतं.

तो गोल आहे त्याला ताइजितू म्हणतात. ११व्या शतकात झोउ दुनयी नावाच्या विचारवंताने ताइजितूवर लिहिलं, पण त्याची आकृती वेगळी दिसायची, आपल्या ओळखीचे ते दोन माशांसारखे आकार नंतरच्या काळात रूढ झाले. या आकृतीत चार गोष्टी बघायच्या. मधली रेघ सरळ नाहीये, वळणदार आहे, म्हणजे एक जण दुसऱ्याच्या हद्दीत घुसलेला आहे. प्रत्येकाच्या पोटात दुसऱ्या रंगाचा ठिपका आहे. दोघांना मिळून एकच गोल आहे, एक काढला तर दुसराही अर्धवट राहतो. आणि चौथी गोष्ट लोक हमखास विसरतात, काळा जिथे सगळ्यात जाड होतो तिथेच पांढऱ्याचं शेपूट सुरू होतं. कुठलीही गोष्ट टोकाला गेली की उलटायला लागते. यी चिंग या जुन्या चिनी ग्रंथात तुटक आणि सलग रेघांच्या ६४ आकृत्या आहेत, त्यात पिकलेली यांग रेघ बदलून यिन होते आणि पिकलेली यिन रेघ बदलून यांग. आपल्या भाषेत ही सरळ कॅरेक्टर आर्कची, म्हणजे माणूस गोष्टीत कसा बदलत जातो त्याची गोष्ट आहे.

अजून एक, यिन म्हणजे बाई आणि यांग म्हणजे पुरुष असं धरून हळवी हिरोइन आणि खंबीर हिरो लिहू नका. परंपरेत बाईला यिनकडे आणि पुरुषाला यांगकडे टाकलंय हे खरं, पण त्याच परंपरेत हे सगळं सापेक्षसुद्धा आहे, एकच माणूस मुलासमोर यांग असतो आणि स्वतःच्या आईसमोर यिन. हे लिहिताना फार कामाला येतं. तुमचं जे कॅरेक्टर सगळ्यांवर आवाज चढवतं ते कोणासमोर गप्प बसतं, हा एक सीन लिहून बघा, तो माणूस लगेच जिवंत होईल.

अक्ष निवडताना घाई नको

अक्ष म्हणजे ज्या एका रेषेच्या दोन टोकांना तुमची दोन माणसं उभी आहेत ती रेषा. इथेच बहुतेक स्क्रिप्ट फसतात, माझीही फसली होती. चांगला आणि वाईट हा अक्ष घेऊ नका, कारण त्यात एक टोक मुळात कोणालाच नको असतं, मग ओढाताण कसली होणार. शांत आणि तापट हेही नको, तो नुसता स्वभाव झाला, त्याने संवाद वेगळे होतात पण निर्णय वेगळे होत नाहीत. अक्ष असा हवा की आयुष्यात कधी हे टोक लागतं, कधी ते टोक लागतं, आणि कुठल्याही एकावर कायम राहिलं की नुकसान होतं. धरून ठेवणं आणि सोडून देणं. सांगून टाकणं आणि पोटात ठेवणं. नियम पाळणं आणि प्रसंग बघून वागणं. थांबणं आणि निघणं. एकट्याने उभं राहणं आणि माणसांवर विसंबणं.

ताओ ते चिंग या जुन्या चिनी ग्रंथाच्या दुसऱ्या प्रकरणात म्हटलंय की लांब आणि आखूड एकमेकांमुळे ठरतात, उंच आणि सखल एकमेकांमुळे ठरतात. सिनेमात अगदी असंच असतं. एखादी बाई किती सावध आहे हे प्रेक्षकाला तिच्या शेजारी उडी मारणारा माणूस उभा केल्यावरच कळतं, एकटी असताना ती नुसती साधी वाटते.

'इनसाइड आउट' (२०१५) मध्ये आनंद आणि दुःख ही एका मुलीच्या डोक्यातली दोन भावना-पात्रं आहेत, आणि सिनेमाभर आनंदाला वाटत असतं की दुःखाचं इथे काही कामच नाही, तिला एका वर्तुळात उभं करून ठेवावं म्हणजे बास. मग तिला एक जुनी आठवण नीट दिसते. मुलगी मॅच हरल्यावर रडवेली होऊन बसली होती म्हणून आईबाबा आणि मैत्रिणी जवळ आल्या, आणि म्हणून तो दिवस आनंदाचा झाला. म्हणजे एक टोक दुसऱ्या टोकाला जन्म देतं. तुमचा अक्ष बरोबर निवडलाय का हे तपासायचं असेल तर असा एक प्रसंग सुचतो का बघा जिथे पहिल्याची गोष्ट दुसऱ्याशिवाय घडूच शकली नसती. सुचला नाही तर अक्ष बदला, पुढे जाऊ नका.

ठिपका

माझ्या मते अख्ख्या पद्धतीत सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा. मी आता कॅरेक्टरचं नाव ठरवायच्या आधी त्याचा ठिपका ठरवते.

ठिपका म्हणजे व्हिलनला मांजर आवडतं, गुंडाची आई आजारी आहे, असलं काही नव्हे. ते प्रेक्षकाने त्याला माफ करावं म्हणून चिकटवलेलं असतं. ठिपका त्याच अक्षावरचा हवा ज्या अक्षावर दोघं उभे आहेत, आणि समोरच्याच्या रंगाचा हवा. जो माणूस सगळं सोडून देतो त्याच्याकडे न सोडलेली अशी एक गोष्ट. जी बाई सगळं तोंडावर बोलते तिच्याकडे कधीच न बोललेलं असं एक वाक्य. दुसऱ्या अक्षावरचा चांगुलपणा इथे चालत नाही, त्याने माणूस गोड होतो पण जोडी घट्ट होत नाही.

परत 'इनसाइड आउट'च घ्या, आनंद हे पात्र पिवळं झगझगीत आहे, पण तिचे केस बघा, निळे आहेत, आणि निळा हा दुःखाचा रंग आहे. कोणी त्यावर बोलत नाही, कोणाचं लक्षही जात नाही, आणि शेवटी जेव्हा एकाच आठवणीच्या गोळ्यात पिवळा आणि निळा दोन्ही रंग येतात तेव्हा ते खोटं वाटत नाही, कारण पहिल्या फ्रेमपासून तो निळा तिच्या डोक्यावर होताच.

'प्रिन्सेस मोनोनोके' (१९९७) मधली लेडी एबोशी हे माझं अत्यंत लाडकं उदाहरण. ती लोखंडासाठी जंगल तोडते, जंगलाच्या देवांवर बंदुका चालवते, आणि तीच बाई कुष्ठरोग्यांना आसरा देते, वेश्यागृहातून सोडवून आणलेल्या बायकांना काम आणि मान देते. लक्षात घ्या, हा वरून लावलेला चांगुलपणा नाही. अक्ष आहे जपणं आणि ओरबाडणं. जंगलात वाढलेली मुलगी सान जंगल जपते आणि माणसांवर तुटून पडते, एबोशी माणसं जपते आणि जंगलावर तुटून पडते. दोघी दोन्ही करतात, दिशा तेवढी उलटी आहे. म्हणून तो सिनेमा बघताना बाजू घेता येत नाही आणि डोळेही हटत नाहीत.

ठिपका ठरवताना मी चार गोष्टी सांभाळते. एक, तो लहान असतो. मोठा केला की ते कॅरेक्टर राखाडी होतं, आणि राखाडी माणसाची जोडी कोणाशीच होत नाही. दोन, तो लवकर दिसला पाहिजे, पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत, आणि जाता जाता, कॅमेऱ्याने त्यावर रेंगाळायचं नाही. तीन, तो कृतीत किंवा वस्तूत असावा, संवादात नको, "मी आतून फार हळवा आहे" असं कोणी म्हणालं की ठिपका पुसला गेला म्हणून समजा. आणि चौथी सगळ्यात महत्त्वाची, त्या माणसाला स्वतःला तो ठिपका लपवावासा वाटला पाहिजे. लपवण्यातून वागणं तयार होतं, वागण्यातून सीन.

दोघांना एकमेकांची गरज कुठे आहे

भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांना १९४७ साली डेन्मार्कचा मोठा सन्मान मिळाला तेव्हा त्यांनी स्वतःच्या मानचिन्हात हाच काळा-पांढरा गोल घेतला, आणि खाली लॅटिनमध्ये लिहिलं की विरुद्ध गोष्टी एकमेकींना पूरक असतात. ते हे फिजिक्समधून आलेल्या विचाराने म्हणत होते, पण पटकथेसाठी याहून चांगलं वाक्य मला सापडलेलं नाही.

पूरक म्हणजे मित्र असं नव्हे. 'हीट' (१९९५) मध्ये पोलीस आणि चोर आहेत, अल पचिनो आणि रॉबर्ट डी नीरो, आणि जवळपास तीन तासांच्या सिनेमात मध्यावर कधीतरी ते दोघं एका टेबलावर समोरासमोर कॉफी प्यायला बसतात. मारामारी नाही, धमकीसुद्धा शांतपणे दिलेली. आणि बघता बघता कळतं की या दोघांना त्यांच्या घरातलं कोणीही समजून घेऊ शकत नाही एवढं ते एकमेकांना समजतात. पोलीस कायद्याच्या बाजूने आहे पण त्याचा संसार मोडत चाललाय, चोर कायद्याच्या विरुद्ध आहे पण त्याच्या वागण्यात साधूसारखी शिस्त आहे, वेळ आली तर ३० सेकंदांत उठून निघता येणार नाही अशा कशातही अडकायचं नाही हा त्याचा नियम. शेवटी एकाने दुसऱ्याला गोळी घातल्यावर ते हात हातात धरतात, आणि ते नाटकी वाटत नाही, कारण गोल एकच होता हे टेबलावरच ठरलेलं होतं.

तुमच्या स्क्रिप्टमध्ये असा टेबलाचा सीन हवाच. तिथे प्लॉट पुढे न्यायचा नाही. एकाच्या तोंडून दुसऱ्याबद्दल अशी एक गोष्ट यायला हवी जी त्याच्या जवळच्या कोणालाच माहीत नाही. मला हा सीन लिहायला नेहमी सगळ्यात जास्त ड्राफ्ट लागतात आणि मी ते आनंदाने करते.

पलटी कुठे येते

आता ते जाड भागातून सुरू होणारं शेपूट. पलटी म्हणजे ट्विस्ट नाही. ट्विस्टमध्ये प्रेक्षकाला माहिती कमी दिलेली असते, पलटीत माणूस स्वतःच्याच रस्त्याने एवढा पुढे जातो की दुसऱ्या बाजूला निघतो. म्हणून पलटीची तयारी करायची तर माणसाला दुबळा करायचं नाही, उलट त्याचा गुण वाढवत न्यायचा.

'द डार्क नाइट' (२००८) मधला हार्वी डेंट बघा. वकील, शहराचा लाडका, खिशात एक नाणं, कुठलाही निर्णय त्यावर सोडल्याचं नाटक करतो, पण नाण्याला दोन्ही बाजूंना छापाच आहे, म्हणजे नशीब वगैरे काही नाही, निर्णय माझाच असं त्याचं म्हणणं. मग स्फोट होतो, अर्धा चेहरा जळतो आणि नाण्याची एक बाजूही जळते. आता तेच नाणं, तोच हात, पण निर्णय खरोखर नशिबावर. बाहेरून नवीन काही आणावं लागलं नाही, ज्याला सगळं स्वतःच्या हातात हवं होतं तोच माणसाच्या जिवाचा निर्णय हवेत उडवायला लागला. एक वस्तू सुरुवातीला देऊन ठेवली आणि पुढे तिची एक बाजू काळी केली, एवढंच केलंय, आणि ते मला दरवेळी थक्क करतं.

जोडीमध्ये पलटी लिहिताना दोघांचीही लिहा. एकाची सावली सरकली की दुसऱ्याची सरकणारच. फक्त एकाच वेळी नको, थोडं पुढेमागे ठेवा, म्हणजे मधल्या काही सीनमध्ये दोघंही एकाच टोकाला आलेले असतील, आणि तेव्हाच गोष्ट सगळ्यात जास्त डळमळीत असते. तिथे प्रेक्षक पुढे सरकून बसतो.

एकाच माणसात दोन्ही असतील तर हेच सगळं आत घडवायचं. 'ब्लॅक स्वॉन' (२०१०) मध्ये नॅटली पोर्टमनच्या पात्राला पांढरी आणि काळी अशा दोन्ही हंसिणी नाचायच्या आहेत, पांढरी तिला बिनचूक जमते, काळी जमत नाही, आणि तिचे कपडे पांढऱ्या-गुलाबीकडून हळूहळू करड्या-काळ्याकडे जातात. पण इथे एक धोका असतो. आतली लढाई कॅमेऱ्याला दिसत नाही, म्हणून एक बाहेरचा आरसा लागतोच, त्या सिनेमात दुसरी मोकळीढाकळी डान्सर आहे ती याच कामासाठी. एकट्या माणसाला आरशासमोर उभं करून स्वतःशी बोलायला लावू नका, त्याऐवजी त्याला हवं असलेलं टोक सहज जगणारा माणूस त्याच्या खोलीत आणा.

आग, पाणी आणि बाकीची तीन

विरुद्ध तत्त्वं म्हटलं की सगळे आग आणि पाणी घेतात. चुकीचं नाही, 'एलिमेंटल' (२०२३) सरळ त्यावरच आहे, आगीची मुलगी आणि पाण्याचा मुलगा, आणि सगळ्या गोष्टीचा ताण या एका भीतीवर की हात लावला तर आपल्यातलं एक संपेल. अशी शारीरिक भीती जोडीला मिळाली की अर्धं काम होतं. फक्त पाणी म्हणजे शांत आणि आग म्हणजे रागीट एवढ्यावर थांबू नका, तिथला पाण्याचा मुलगा शांत नाहीचे, सारखा रडतो, भरभरून वाहतो.

चिनी परंपरेत तत्त्वं पाच आहेत, लाकूड, आग, माती, धातू, पाणी, आणि त्यांच्यात दोन नाती आहेत. एक पोसण्याचं, लाकूड आगीला पोसतं, आगीतून राख म्हणजे माती, मातीतून धातू, धातूपासून पाणी, पाणी लाकडाला वाढवतं. दुसरं आवरण्याचं, लाकूड मातीला फोडतं, माती पाण्याला अडवते, पाणी आगीला विझवतं, आग धातूला वितळवते, धातू लाकूड कापतो. आता यात कथा शोधा. लाकूड आणि आग ही मैत्रीची जोडी दिसते, पण लाकूड जळतंय, म्हणजे एक जण दुसऱ्याला उजेड देता देता संपत चाललाय. कित्येक कलावंत-जोडप्यांच्या गोष्टी याच असतात.

तीन माणसांची गोष्ट असेल तर अजून मजा. धातू लाकडाला कापतो, पण लाकडाचं लेकरू आग, आणि आग धातूला वितळवते. म्हणजे ज्याला तुम्ही तोडलंत त्यानेच पोसलेलं कोणीतरी तुमच्यापर्यंत येणार. सूडकथेचा सांगाडा तयार, आणि तिघांचेही हेतू आपोआप वेगळे.

मात्र कोण कोणाला आवरतो हे नेहमी प्रमाणावर असतं. मेन्सियस या जुन्या चिनी विचारवंताने म्हटलंय की गाडाभर पेटलेल्या लाकडांवर पेलाभर पाणी टाकून आग विझली नाही तर पाणी आगीला विझवतच नाही असं लोक म्हणायला लागतात. जोडीतल्या एकाची ताकद सुरुवातीला मुद्दाम पेलाभर ठेवा. ती वाढत कशी गेली हाच मग तुमचा दुसरा अंक.

दाखवायचं कसं

इथे जास्त बोलायची गरज नाही, कारण कपडे, उजेड आणि फ्रेम या तीन गोष्टी सगळ्यांनाच सुचतात, अडचण अति करण्याची असते. 'सायको' (१९६०) मध्ये मॅरियन आधी पांढऱ्या अंतर्वस्त्रात दिसते आणि पैसे चोरल्यावर काळ्या. बास, एवढंच, एकही संवाद नाही. 'रिटर्न ऑफ द जेडाय' (१९८३) मध्ये ल्यूक काळे कपडे घालून येतो, म्हणजे त्याचा बाप, व्हिलन डार्थ व्हेडर, ज्या रंगाचा झालाय त्या रंगाकडे तो सरकलाय अशी भीती आधी घातली, आणि शेवटाकडे त्याच्या काळ्या अंगरख्याचा पुढचा पदर सुटतो आणि आतलं फिकं अस्तर दिसतं, इकडे काळ्या मुखवट्याखालून बापाचा पांढराफटक चेहरा निघतो. दोघांचे ठिपके एकाच प्रसंगात उघडे पडतात.

रंग वापरायचेच नसतील तर वेळ वापरा. 'लेडीहॉक' (१९८५) मध्ये शाप असा की ती दिवसा ससाणा असते आणि तो रात्री लांडगा, दोघं कायम सोबत पण माणूस म्हणून एकाच वेळी कधीच नाहीत, आणि शाप सुटतो तो सूर्यग्रहणात. दिवसाच्या पोटातली रात्र. अजून ठळक ठिपका कुठला असणार! किंवा आवाज वापरा, 'पर्सोना' (१९६६) मध्ये एक बाई बोलायचं थांबलीय आणि तिची नर्स बोलतच सुटलीय, आणि एका क्षणी पडद्यावर दोघींचे अर्धे अर्धे चेहरे जोडून एकच चेहरा होतो.

एक सांगते, अख्ख्या सिनेमात रंगांची अदलाबदल एकदाच करा. दर सीनला काळं-पांढरं करत बसलात तर प्रेक्षक कॅरेक्टर सोडून कपडे मोजायला लागतो.

माझ्या दोन भावांचं काय झालं

आता हे सगळं प्रत्यक्षात कसं लावायचं ते माझ्याच स्क्रिप्टवर दाखवते. शांत-तापट हा अक्ष काढून टाकला. ते घर रिकामं करतायत, मग अक्ष समोरच होता, धरून ठेवणं आणि सोडून देणं. थोरला वडिलांजवळ राहिला, त्याने घरातला खिळासुद्धा हलवला नाही. धाकटा वीस वर्षांपूर्वी निघून गेला आणि आता येऊन दिसेल ते कचऱ्याच्या पिशवीत भरतोय.

ठिपके ठरवायला तीन आठवडे गेले. धाकटा सगळं फेकतो, पण प्रत्येक पिशवीला दोन गाठी मारतो आणि वर मार्करने लिहितो आत काय आहे ते. फेकायच्या पिशवीवर कोण लिहितं? थोरला सगळं साठवतो, पण त्याची स्वतःची खोली उघडली तर आत एक कॉट, एक खुर्ची, बाकी काही नाही. दोन्ही गोष्टी पहिल्या पाच मिनिटांत, एका शब्दाशिवाय.

मग एकमेकांची गरज. धाकट्याला एक पत्र्याचा डबा सापडतो. त्यात त्याने घर सोडल्यापासून दर महिन्याला वडिलांना पाठवलेली पत्रं, सगळी बंद, एकही फोडलेलं नाही. वडिलांपर्यंत ती गेलीच नाहीत, थोरल्याने मधल्यामध्ये घेऊन ठेवली. बघा दोघं टोकाला कसे पोचले. धरून ठेवता ठेवता थोरल्याच्या हातून चोरी झाली, आणि सोडून गेलेला म्हणून ज्याला सगळे ओळखतात त्याने वीस वर्षं काहीच सोडलेलं नव्हतं. टेबलाचा सीन इथे येतो. जुन्या ड्राफ्टमध्ये इथे चार पानं आरडाओरडा होता. आता धाकटा फक्त विचारतो, "दादा, वाचलीस तरी का एखादं?" आणि थोरला म्हणतो, "पाकिटावरचं तुझं अक्षर बघितलं की पुरायचं."

पलटी त्यानंतर. सकाळी थोरला कोणाला न विचारता घराची चावी नव्या मालकाच्या हातात देऊन मोकळा होतो, आणि धाकटा रिकाम्या खोलीत त्या एका खुर्चीवर बसून राहतो, उठत नाही. आधी धाकटा बसतो, मग बऱ्याच वेळाने थोरला चावी देऊन परत येतो, मध्ये काही मिनिटं घर कोणाचंच नसतं.

तुमचा ड्राफ्ट झाला की दोन तपासण्या करा. संवादांवरची नावं झाका आणि कोण बोलतंय ते ओळखू येतं का बघा, ते यायलाच हवं. मग कृतींवरची नावं झाका आणि शेवटच्या दहा पानांत दोघांच्या कृती अदलाबदल करून वाचा, तिथे थोडा गोंधळ व्हायला हवा, कारण तोपर्यंत ते एकमेकांच्या हद्दीत शिरलेले असतात. पहिल्या दहा पानांतही गोंधळ झाला तर ठिपका मोठा झालाय, आणि शेवटीही अजिबात झाला नाही तर मधली रेघ सरळ राहिलीय.

नवीन ड्राफ्ट मी त्याच एडिटर मैत्रिणीला पाठवला. तिचा तो जुना प्रश्न मला पाठ होता, आणि या वेळी तिने विचारला असता तर मला सांगता आलं असतं की थोरला तापतो, वीस वर्षं दर महिन्याला एकदा तापतो, पोस्टमन येऊन गेला की. पण तिने विचारलंच नाही. तिने फक्त कळवलं की तो डब्याचा सीन ती जास्तीत जास्त लांब ठेवणार आहे, आणि पत्रं खरी हाताने लिहून घ्या, बंद असली तरी.